कौन्सिलचा संसार

२०२५ सालच्या मार्च महिन्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते. लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर नॉर्थॅम्प्टनशर नावाचा परगणा आहे, तिथल्या एका लहानशा गावात ती राहते. एके दिवशी सकाळी आम्ही दोघी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. लेकीने ते फोडलं, वाचलं आणि कपाळाला हात लावला.

‘‘आलं बाई घरपट्टीचं!’’

मला हसूच फुटलं. सातासमुद्रापलीकडे संसार थाटला तरी घरपट्टी काही सुटली नाही म्हणायची!

‘‘हसतेस काय आई? एप्रिल ते जानेवारी दहा हप्ते भरायचे. फेब्रुवारी-मार्च तेवढे मोकळे. आणि मोकळे म्हणेपर्यंत पुढच्या वर्षीचं पाकीट हजर!’’

तिकडे या पट्टीला ‘कौन्सिल टॅक्स’ म्हणतात. कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका, जिल्हा परिषद, जे काही म्हणाल ते. २०२५-२६ या वर्षात इंग्लंडमधल्या मध्यम गटातल्या, म्हणजे ‘डी’ गटातल्या घराचा सरासरी कौन्सिल टॅक्स होता २,२८० पौंड. मी मनातल्या मनात गुणाकार केला. वर्षाला साधारण अडीच लाख रुपये! हातातला कप खालीच ठेवला.

एवढे पैसे घेऊन ही कौन्सिल करते तरी काय, असं मी लेकीला विचारलं. त्या एका प्रश्नातून पुढचा महिनाभर मी जे ऐकलं, पाहिलं, वाचलं, ते मैत्रिणींनो, आज तुम्हाला सांगायचंय. कारण गोष्ट पौंडांची असली तरी हिशेब आपल्या ओळखीचा आहे.

घर आजचं, किंमत १९९१ ची

आधी ही पट्टी ठरते कशी ते बघू. इंग्लंडमधली घरं ‘ए’पासून ‘एच’पर्यंत आठ गटांत वाटलेली आहेत. गट ठरतो घराच्या किमतीवरून. पण आजच्या नाही हं, १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत होती त्यावरून! त्यानंतर इंग्लंडमध्ये फेरमोजणी झालेलीच नाही. काल बांधलेलं घर असलं तरी ‘हे १९९१ मध्ये असतं तर कितीला गेलं असतं’ असा अंदाज बांधून त्याला गट देतात. आहे की नाही गंमत?

गमतीमागे एक टोचणीही आहे. ‘ए’ गट ४० हजार पौंडांपर्यंतच्या घरांचा, ‘एच’ गट ३ लाख २० हजारांच्या वरच्या घरांचा. पण ‘एच’वाल्याला ‘ए’वाल्याच्या फक्त तिप्पट पट्टी भरावी लागते. म्हणजे बंगला दहा पटीने महाग असला तरी पट्टी तिप्पटच.

तरी याआधी जे होतं त्यापेक्षा हे बरं, असं जुनी माणसं सांगतात. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना इंग्लंडमध्ये घरावरची जुनी पट्टी काढून माणशी पट्टी लावली गेली. लोक तिला ‘पोल टॅक्स’ म्हणत. घरात जितकी मोठी माणसं, तितक्या पट्ट्या. सरदाराच्या वाड्यात दोघं राहत असतील तर दोन पट्ट्या, आणि दोन खोल्यांत सासू-सासरे, मुलगा-सून, दीर असं एकत्र कुटुंब राहत असेल तर पाच! अगदी गरिबांना सवलत होती, पण बाकी सगळे एका मापात. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, दंगल उसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थॅचरबाई पायउतार झाल्या. कारणं आणखीही होती, पण ही पट्टी त्यातलं मोठं कारण. १९९३ च्या एप्रिलपासून कौन्सिल टॅक्स आला.

पट्टीचं आणि बायकांचं नातं तर त्याहूनही जुनं. १८६९ मध्ये इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावाने पट्टी भरणाऱ्या बायकांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं. पुढे कोर्टाने तो हक्क फक्त अविवाहित आणि विधवा बायकांपुरता ठेवला, पण दार किलकिलं झालं होतं. पार्लमेंटचं मत मिळायला मात्र १९१८ साल उजाडावं लागलं. १९०७ च्या कायद्याने बायकांना मोठ्या कौन्सिलांमध्ये निवडून जाता येऊ लागलं आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ऑल्डबरा या गावच्या महापौर झाल्या. इंग्लंडच्या पहिल्या महिला महापौर! देशाच्या कारभारात जाण्याआधी बाई गावच्या कारभारात गेली, ती अशी पट्टीचं बोट धरून.

शेजारच्या आजी

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. पैसे जातात कुठे?

मला वाटलं, कचरा, दिवे, रस्ते, बागा. दिसतं तेच मनात येतं ना! लेक म्हणाली, ‘‘शेजारच्या आजी बघ.’’

शेजारी एक ऐंशीच्या पुढच्या आजी राहतात. नवरा गेलेला, मुलं लांबच्या शहरात. एकट्या राहतात म्हणून त्यांना कौन्सिल टॅक्समध्ये पाव भाग सूट आहे. रोज सकाळी एक बाई छोट्या गाडीतून येते. आजींना आंघोळ घालते, पायात मोजे चढवते, गोळ्या देते, टोस्ट करून ठेवते आणि घाईघाईने पुढच्या घरी जाते. ही व्यवस्था कौन्सिलने लावून दिलेली. ज्याच्याकडे २३,२५० पौंडांहून जास्त शिल्लक आहे त्याने असा सगळा खर्च स्वतः करायचा. त्याहून कमी असेल तर मिळकत बघून कौन्सिल भार उचलते.

म्हातारी माणसं, अपंग माणसं, आईबापांचा आधार नसलेली किंवा घरात सुरक्षित नसलेली मुलं, या सगळ्यांची काळजी घेणं हे इंग्लंडमधल्या मोठ्या कौन्सिलांचं कायद्याने बांधलेलं काम आहे. शाळांचा पैसा वेगळा काढला तर त्यांच्या खर्चातला अर्ध्याहून जास्त वाटा इथेच जातो. पण हे काम रस्त्यावरून जाताना दिसत नाही. ते दाराआड चालतं, आणि करणाऱ्या बहुतेक बायकाच. खड्डा सगळ्यांना दिसतो. आजींना चढवलेला मोजा कुणाला दिसणार?

कौन्सिलच्या डब्यात पैसा येतो तो मुख्यतः तीन ठिकाणांहून. एक हा कौन्सिल टॅक्स. दुसरा दुकानं-कारखान्यांवरची पट्टी, तिला ‘बिझनेस रेट्स’ म्हणतात. आणि तिसरं सरकारी अनुदान. शिवाय पार्किंग वगैरेची किरकोळ फी.

यातलं अनुदान २०१० नंतर आटत गेलं. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय कार्यालयाने २०१८ मध्ये हिशेब मांडला, की २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सरकारकडून कौन्सिलांना मिळणारा पैसा, महागाई धरून, ४९.१ टक्क्यांनी घटला. जवळजवळ निम्मा! मग पट्टी वाढवावी म्हटलं, तर तिथेही सरकारने दोरी बांधलेली. अलीकडच्या वर्षांत मोठ्या कौन्सिलांना वर्षाला ५ टक्क्यांपर्यंतच वाढ करता आली. त्यापुढे जायचं तर गावाचं सार्वमत घ्या, नाहीतर सरकारची खास परवानगी काढा.

इकडे म्हातारी माणसं वाढतायत, आजारपणं वाढतायत. नवऱ्याने घरखर्चाचे पैसे निम्मे करावेत आणि वर म्हणावं, पाहुण्यांच्या पाहुणचारात काही कमी पडता कामा नये! अशा वेळी आपण काय करतो? जे ‘करावंच लागतं’ ते ठेवतो आणि बाकीचं कापतो. कौन्सिलांनीही तेच केलं. वाचनालयं, बालकेंद्रं, तरुण मुलांचे क्लब, खेड्यातल्या बस या सगळ्याला कात्री लागली.

वास्तुशांत झाली आणि…

लेकीच्या नॉर्थॅम्प्टनशरची कथा तर इंग्लंडभर गाजली. तिथल्या काउंटी कौन्सिलने ५ कोटी ३० लाख पौंड खर्चून नवं कोरं मुख्यालय बांधलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत कौन्सिलच्या मुख्य हिशेबनीसाने नोटीस काढली, की डब्यात पैसे नाहीत, नवा खर्च बंद. वास्तुशांत होऊन चार महिने झाले नव्हते!

या नोटिशीला कायद्यातल्या कलमावरून ‘एकशे चौदाची नोटीस’ म्हणतात. कौन्सिल दुकानासारखी दिवाळं काढून कुलूप लावू शकत नाही. अंदाजपत्रक जुळवणं तिला कायद्याने बंधनकारक आहे. ते जुळत नाही असं दिसलं की हिशेबनीसाने ही नोटीस काढायची, मग अत्यावश्यक सोडून सगळा खर्च थांबतो आणि एकवीस दिवसांत सदस्यांनी बसून तोड काढायची. अशी नोटीस निघाल्याला तेव्हा जवळपास वीस वर्षं लोटली होती. नंतर मात्र रांगच लागली. २०२० मध्ये क्रॉयडन, २०२१ मध्ये स्लाऊ, २०२२ मध्ये थरक, २०२३ मध्ये वोकिंग, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम. त्यातल्या वोकिंगने तर कर्ज काढून उंच इमारती बांधण्याचा सोस केला. वर्षाचं मूळ उत्पन्न १ कोटी ६० लाख पौंड आणि तूट १२० कोटींची! म्हणजे दोष नुसता अनुदानाचाच नव्हता. नॉर्थॅम्प्टनशरची चौकशी करणाऱ्या मॅक्स कॉलर यांनीही तेच लिहिलं. पैसा सगळ्यांचाच कमी झाला होता, पण वेळीच हिशेब घालायचं या कौन्सिलने टाळलं.

भोगलं कुणी? काउंटीत ३६ वाचनालयं होती. त्यातली २१ सोडून द्यायचं ठरलं. तिथली वाचनालयं म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत. तान्ह्या मुलांना घेऊन आया तिथे जमतात, गाणी म्हणतात, चार शब्द बोलतात. परक्या मुलखात नव्याने आलेल्या सुनांना तर तेवढाच आधार! लोक कोर्टात गेले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. पुढे बरीच वाचनालयं वाचली, पण कशी? गावकऱ्यांनी चालवायला घेतली म्हणून.

माझी लेक महिन्यातून दोन शनिवार गावच्या वाचनालयात बसते. बिनपगारी. मी एकदा तिच्याबरोबर गेले. पुस्तकं लावणाऱ्या, मुलांना गोष्ट सांगणाऱ्या, कॉफीचे कप विसळणाऱ्या, सगळ्या मिळून पाच जणी. पाचही बायका. हे काम पूर्वी पगारी होतं.

दोन चुलींची एक चूल

मोडलेला संसार सावरायचा कसा? सरकारने ठरवलं, नव्याने मांडायचा.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात १९७४ पासून दोन पायऱ्यांची कौन्सिलं आहेत. वर काउंटी, खाली डिस्ट्रिक्ट. आपल्या जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसारखं म्हणा हवं तर. पण कामांची वाटणी अशी, की नव्या माणसाचं डोकं गरगरावं. दारातला कचरा उचलायचा डिस्ट्रिक्टने आणि त्याची विल्हेवाट लावायची काउंटीने! वाचनालय काउंटीचं, बाग डिस्ट्रिक्टची. लेक म्हणते, ‘‘तक्रार कुठे करायची हे शोधण्यातच अर्धा दिवस जायचा.’’

मग नॉर्थॅम्प्टनशरमध्ये १८८९ पासून चालत आलेली काउंटी कौन्सिल आणि तिच्याखालची सात डिस्ट्रिक्ट अशी आठ कौन्सिलं मोडली आणि १ एप्रिल २०२१ पासून उत्तर आणि पश्चिम अशा दोनच राहिल्या. सगळी कामं एकाच दारात.

हाच कित्ता आता देशभर गिरवायचं ठरलंय. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, की जिथे जिथे दोन पायऱ्या उरल्यात तिथे एकच करायची. असे २१ भाग. नवी कौन्सिल साधारण पाच लाख वस्तीची असावी, असा अंदाज दिला. पहिला मान सरे परगण्याचा. तिथल्या बारा कौन्सिलांच्या जागी पूर्व आणि पश्चिम अशा दोनच करायच्या आणि एप्रिल २०२७ पासून कारभार सुरू करायचा, असं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलं. वोकिंग याच सरेमधलं. त्याच्या कर्जाचं ओझं नव्या संसारावर पडू नये म्हणून त्यातले ५० कोटी पौंड फेडण्याचं सरकारने कबूल केलं.

एक चूल केली की सरपण वाचतं, हे खरंच आहे. आठ साहेबांच्या जागी दोन, आठ कचेऱ्यांच्या जागी दोन. पण मैत्रिणींनो, चूल एक केली म्हणून डब्यातले तांदूळ वाढत नाहीत. शेजारच्या आजींना रोज सकाळी कुणीतरी आंघोळ घालायचीच असते.

आणखी एक होतं. कौन्सिल मोठी झाली की लांब जाते. नॉर्थॅम्प्टनसारख्या दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहराची स्वतःची कौन्सिल या बदलात गेली. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार, म्हणून शहरासाठी एक टाउन कौन्सिल नव्याने काढावी लागली. अधिकार ग्रामपंचायतीएवढे, पण हाकेच्या अंतरावर तरी आहे!

बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकिणी

आता जी गोष्ट माझ्या मनातून जाता जात नाही, ती सांगते.

बर्मिंगहॅम हे लंडनखालोखाल इंग्लंडमधलं मोठं शहर. तिथली कौन्सिल २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खड्ड्यात गेली. का, तर बायकांच्या पगाराची थकबाकी! पेपरांतून तेव्हा असंच छापून यायचं, की समान वेतनाच्या दाव्यांनी कौन्सिल बुडवली. वाचणाऱ्याला वाटावं, या बायकांनीच शहर लुटलं.

खरं काय होतं? शाळेत मुलांचं जेवण शिजवणाऱ्या, वर्गखोल्या झाडणाऱ्या, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका आणि कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खोदणारे पुरुष कौन्सिलच्या एकाच पगारश्रेणीत होते. पण बोनस मिळायचा पुरुषांच्या कामांना. बायकांना नाही. समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९७० मध्ये झाला आणि १९७५ च्या अखेरीस अंमलात आला, तरी हे वर्षानुवर्षं चालू होतं. २०१० मध्ये कामगार न्यायाधिकरणाने या बायकांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांची तिथली मुदत टळून गेली होती, त्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जिंकल्या.

त्यानंतरच्या दहाएक वर्षांत कौन्सिलला सुमारे ११० कोटी पौंड द्यावे लागले. तरी वेतनातला भेदभाव पुरता मिटवला नाही आणि नवे दावे उभे राहिले. २०२३ मध्ये कौन्सिलने सांगितलं, अजून ६५ ते ७६ कोटी द्यावे लागतील. फसलेली नवी कॉम्प्युटर व्यवस्था आणि आटलेलं अनुदान होतंच. सरकारने आपले प्रशासक बसवले. खास परवानगीने २०२४-२५ मध्ये पट्टी ९.९९ टक्क्यांनी वाढली, पुढच्या वर्षी आणखी ७.४९ टक्क्यांनी. दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची कपात ठरली. २०२४ च्या अखेरीस कामगार संघटनांशी हजारो दाव्यांबाबत तडजोड झाली.

आता सांगा, कौन्सिल बुडवली कुणी? वर्षानुवर्षं त्या स्वयंपाकिणींच्या हक्काचे पैसे डब्यात राहत होते, म्हणून तर हिशेब जुळत होता. ती बचत नव्हती, उधारी होती. न विचारता घेतलेली. वाण्याची उधारी कधी ना कधी फेडावीच लागते, तशी तीही फेडावी लागली, एवढंच.

लेकीच्या वाचनालयाचंही तेच. पगारी बाईचं काम बिनपगारी बाईने केलं की कागदावर ‘बचत’ दिसते. आजींकडे येणारी बाई बंद झाली, तर दूरच्या शहरातली त्यांची मुलगी नोकरी सोडून येईल, आणि कागदावर पुन्हा ‘बचत’ दिसेल. खर्च कुठेच जात नाही. तो फक्त कौन्सिलच्या डब्यातून उतरून कुणाच्या तरी खांद्यावर बसतो, आणि तो खांदा बहुतेक वेळा बाईचाच असतो. संसार दोन पायऱ्यांचा असो की एका, मांडणी बदलताना हे कुणीतरी विचारायला हवं, की हे काम आता कोण करणार आणि तिला काय देणार?

परत आले तेव्हा आमच्या घरपट्टीचं बिल येऊन पडलं होतं. इतकी वर्षं मी फक्त खालचा आकडा बघायची आणि ‘बाई गं, एवढी?’ म्हणून ह्यांच्याकडे द्यायची. या वेळी चष्मा लावला आणि वरपासून एकेक ओळ वाचत बसले.

ह्यांनी विचारलं, ‘‘काय शोधतेस?’’

म्हटलं, ‘‘बघतेय, कुणाकुणाचं यात लिहायचं राहिलंय ते.’’